‘पाहून सांगतो’ म्हणणाऱ्याचे काय चुकते?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आली असली तरी शंका आणि आत्मविश्वास यांच्या एकाच गाठीपाशी येऊन थांबतात, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण तो प्रश्न मी स्वतः बरीच वर्षे बाळगून आहे.

प्रश्न : मी कृषी पदवीधर आहे. दोन वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात माझ्या गावी परत आलो. घरचे सात एकर कोरडवाहू वावर करतो आणि शेतकरी गटाचे कामही पाहतो. गेल्या सप्टेंबरात शेजारच्या काकू पऱ्हाटीची (कपाशीची) दोन लाल पडलेली पाने घेऊन आल्या आणि काय फवारू म्हणून विचारू लागल्या. मी म्हणालो, ‘वावरात येऊन पाहतो, मग सांगतो.’ त्याच संध्याकाळी त्या तालुक्याच्या दुकानातून तीन बाटल्या घेऊन परतल्या. दुकानदाराने पाने पाहिली न पाहिली आणि औषध काढून दिले. दुसऱ्या दिवशी पारावर बोलणे झाले, ‘एवढा शिकला, पन साधं पान पाहून सांगता येत नाही त्याले.’ आजोबा म्हणतात, संशयात्मा विनश्यति. कॉलेजात जाण्यापूर्वी मी स्वतःही असे सल्ले धडाधड देत असे. शिकल्यावर आत्मविश्वास वाढायला हवा होता, तो कमी का झाला?

उत्तर : आधी त्या दोन पानांपासून सुरुवात करू, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या पानांतच आहे. पऱ्हाटीचे पान लाल पडले की आपण त्याला सरसकट ‘लाल्या’ म्हणतो, पण हे एका रोगाचे नाव नाही. मॅग्नेशियम कमी पडले तर शिरा हिरव्या राहतात, शिरांमधला भाग लाल होतो आणि सुरुवात खालच्या जुन्या पानांपासून होते. तुडतुड्यांनी रस शोषला असेल तर कडा आधी पिवळ्या पडतात, मग लालसर होऊन आकसतात. झाडावर एकदम पुष्कळ बोंडे धरली आणि नत्र पुरले नाही, किंवा सततच्या पावसाने वावरात पाणी साचून मुळांना अन्नद्रव्य उचलता आले नाही, तरीही पान लालच होते, आणि रात्री थंड होऊ लागल्या की या लालीत आणखी भर पडते. म्हणजे काकूंनी तुमच्या हातात दिलेल्या पानांमागे चार-पाच कारणे उभी होती. त्यांपैकी एका कारणावर कीटकनाशक उपयोगाचे होते आणि बाकीच्यांवर ते निव्वळ वाया जाणार होते. झाडाच्या कोणत्या मजल्यावरची पाने आहेत, ओळीत सगळीकडे आहेत की खोलगट भागात आहेत, पानाखाली काही चालते आहे काय, हे वावरात गेल्याशिवाय कळणे शक्य नव्हते. तुम्ही जे म्हणालात ते बरोबर होते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कॉलेजात जाण्यापूर्वी तुम्हाला पान लाल होण्याचे एकच कारण ठाऊक होते, म्हणून तुमच्या मनात शंका येण्याला जागाच नव्हती. आज तुम्हाला पाच कारणे ठाऊक आहेत. मॅग्नेशियम की तुडतुडे, अशी शंका यायला मॅग्नेशियमही माहीत असावे लागते आणि तुडतुडेही. ही शंका ज्ञानातूनच तयार झालेली आहे, आणि तिला आत्मविश्वासाचा ऱ्हास समजून तुम्ही स्वतःवर अन्याय करत आहात.

आजोबांच्या वचनाचा मान ठेवूनच दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. गीतेतला तो शब्द ‘संशयात्मा’ असा आहे, म्हणजे संशय हाच ज्याचा स्वभाव होऊन बसला आहे, जो कोणत्याच उत्तरापाशी थांबत नाही, असा माणूस. मनात एखादी शंका आली एवढ्याने कोणी संशयात्मा होत नाही. तसे असते तर इतके प्रश्न विचारणाऱ्या अर्जुनाची काय गत झाली असती? दुसरी गोष्ट अशी की, आपल्याच परंपरेतल्या न्यायशास्त्राने जे सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, मानले त्यांत प्रमाण (ज्ञानाचे साधन) आणि प्रमेय (जाणून घ्यायचा विषय) यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान संशयाला दिले आहे. तिथले नेहमीचे उदाहरण संधिप्रकाशातले आहे. दूर काहीतरी उभे दिसते, तो खांब आहे की माणूस हे ठरत नाही. संशयाच्या व्याख्येत ‘विशेषापेक्ष’ असा एक शब्द येतो. खांबाला माणसापासून वेगळे करणारी खूण, म्हणजे विशेष, मिळावी अशी ज्याची अपेक्षा आहे तो खरा संशय. त्या खुणेच्या दिशेने जो पाऊल टाकतो त्याचा संशय त्याला ज्ञानाकडे नेतो, आणि जो बांधावर बसून ‘काय सांगावे बुवा’ म्हणत राहतो त्याला आजोबांचे वचन लागू पडते. आजोबांना हे वाचून दाखवा, त्यांना ते पटेल असे वाटते.

दुकानदाराबद्दल मी कठोर बोलणार नाही. तो उधारीवर माल देतो, दुकान रात्री आठपर्यंत उघडे ठेवतो, आणि काकूंच्या चिंतेला त्याने त्याच दिवशी काहीतरी उत्तर दिले. पण त्याचा आत्मविश्वास कशावर उभा आहे ते पाहा. औषध दिल्यावर आठ दिवसांनी त्या वावरात काय झाले, हे त्याला कळत नाही. पान सुधारले तर औषधाचा गुण, नाही सुधारले तर पावसाचा दोष, आणि गिऱ्हाईक पुढची बाटली घ्यायला येतेच. ज्या धंद्यात माणसाची चूक त्याच्या दारी परत येत नाही, तिथे आत्मविश्वास वर्षानुवर्षे वाढत राहतो आणि ज्ञान होते तिथेच राहते. हवामान खात्याचे याच्या अगदी उलट आहे, त्यांचा अंदाज रोज सगळ्या देशासमोर तपासला जातो. त्यामुळे ते आकडा सांगताना त्याची कच्ची बाजूही सांगतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मोसमी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के पडेल आणि त्यात अधिक-उणे ५ टक्क्यांची चूक असू शकेल, असे जाहीर केले होते. प्रत्यक्षात देशभरात ९४ टक्के पाऊस झाला. आपल्या गावच्या पेरणीला देशाच्या सरासरीचा फारसा उपयोग नाही हे खरे, पण शंका मोजून कशी सांगावी याचा तो चांगला नमुना आहे.

हे सगळे मी कुठे शिकलो ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी निवृत्त शिक्षक, हिंगणघाटच्या बाजूला आमचे चार एकर वावर आहे. देशात बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या कापसाला, २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. त्यानंतरची आठ-दहा वर्षे बोंडअळीची चिंता जवळपास मिटली होती, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे २०१७ च्या सप्टेंबरात शेजारच्या धुऱ्यावरच्या भावाने ‘गुरुजी, पतंग दिसून राहिले’ म्हटले तेव्हा, ‘बीटी आहे, अळी लागत नाही,’ असे मी त्याला ठामपणे सांगितले. दिवाळीच्या सुमारास त्याने एक हिरवेगार, भरलेले बोंड माझ्या हातावर ठेवले. बाहेरून त्यावर डाग नव्हता. त्याने विळ्याच्या टोकाने ते फोडले, तर आत रुई पिवळट-तपकिरी होऊन चिकटलेली, सरकी कुरतडलेली, आणि एका पाकळीत जेमतेम बोटाच्या अर्ध्या पेराएवढी गुलाबी अळी हळूहळू वळत होती. त्याने एक शब्दही उच्चारला नाही. त्या वर्षी विदर्भात गुलाबी बोंडअळीने जे केले ते तुमच्या घरीही आठवत असेल. गुजरातेत ही अळी पहिल्या पिढीच्या बीटीवर टिकू लागल्याचे २०१० मध्येच उघड झाले होते, नंतर दोन जनुकांच्या वाणावरही ती दिसली होती, आणि त्या बातम्या मी वाचलेल्या होत्या. माझा विश्वास खोट्यावर आधारलेला नव्हता, तो अनुभवाचाच होता, परंतु तो अनुभव केव्हाचा आहे हे मी स्वतःला विचारले नाही, आणि त्या भावाच्या हंगामाने त्याची किंमत मोजली.

त्यानंतर मी एक गोष्ट नेमाने करतो. ऑगस्ट संपत आला की दर आठवड्याला वावरात आडवे-तिडवे फिरून, केवळ धुऱ्याकाठची न घेता मधलीही, अशी वीस हिरवी बोंडे तोडतो आणि घरी ओट्यावर बसून एकेक फोडतो. वीसपैकी दोन बोंडांत अळी मिळाली तर दहा टक्के झाले, म्हणजे फवारणीची वेळ आली. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले तरी तेच. त्याखाली असेल तर फवारायचे नाही. अळी आहे की नाही ही शंका माझ्या मनात आजही प्रत्येक आठवड्याला असते, फरक एवढाच की आता तिला मोजण्याचे माप आहे आणि पुढचा वारही ठरलेला आहे. ज्या हंगामात ही अळी आली त्याच हंगामात तुमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे जीव गेले. नको असलेली फवारणी ही केवळ पैशाची नासाडी नसते, हे विसरता येत नाही.

आता तुमची चूक. काकू तुमच्याकडे भीती घेऊन आल्या होत्या आणि ‘पाहून सांगतो’ या दोन शब्दांत तुम्ही तुमचे सगळे ज्ञान गुंडाळून आत ठेवले. त्यांना त्यातून फक्त उशीर ऐकू आला. कधी येणार, काय पाहणार, तोवर त्यांनी काय करावे, यातले काहीच त्यांच्या पदरात पडले नाही. तुम्हाला जेवढे नक्की ठाऊक होते तेवढे तरी आधी नक्की म्हणून सांगायला हवे होते. ‘काकू, हा लाल्या आहे, पऱ्हाटी एका दिवसात मरत नाही, घाबरू नका. पानं उलटी करून पाहा, तिरपे चालणारे बारके हिरवे किडे दिसतात काय? लाली खालच्या पानांवर जास्त आहे की वरच्या? उद्या सकाळी सातला मी धुऱ्यावर येतो, तोवर काही फवारू नका.’ असे बोलला असता तर शंका तेवढीच राहिली असती, पण काकूंना धीर आला असता आणि त्यांचे डोळेही तुमच्या कामाला लागले असते. आपल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी कीर्तनात प्रश्न विचारून लोकांच्याच तोंडून उत्तरे काढून घेतली, आणि ते अज्ञानी आहेत असे कोणाला कधी वाटले नाही.

आणखी एक करा. तुम्ही दिलेला प्रत्येक सल्ला एका वहीत तारखेसह लिहा, त्यापुढे ‘नक्की’, ‘बहुतेक’ किंवा ‘अंदाज’ असा एक शब्द लिहा, आणि पंधरा दिवसांनी त्या वावरात जाऊन काय झाले ते त्याच ओळीत भरा. दोन हंगामांनंतर तुमचे ‘नक्की’ किती वेळा खरे ठरते हे तुम्हाला कळेल आणि गावालाही दाखवता येईल. वही काकूंच्या वावरापासूनच सुरू करावी, त्या तीन बाटल्यांचे पुढे काय झाले हे अजून विचारता येईल.

प्रश्न : मी बुलडाणा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. मोबाइलवर एक आलेख फिरतो. त्यात अगदी कमी ज्ञान असणाऱ्याचा आत्मविश्वास डोंगराच्या शिखरावर असतो, थोडे ज्ञान आले की तो दरीत कोसळतो आणि मग हळूहळू वर चढतो. हा मानसशास्त्राने सिद्ध केलेला नियम म्हणून मुलांना सांगावा काय?

उत्तर : त्या स्वरूपात सांगू नये. त्या आलेखाचा उगम म्हणून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांचा १९९९ मधील शोधनिबंध सांगितला जातो, परंतु डोंगर आणि दरी त्या निबंधात कुठेही नाहीत. त्यांनी विद्यार्थ्यांना तर्क, व्याकरण आणि विनोदाची जाण यांच्या चाचण्या दिल्या आणि आपण इतरांच्या तुलनेत कुठे असू हेही विचारले. सर्वांत खालच्या चौथाईतले विद्यार्थी सरासरीने शंभरातल्या जेमतेम बारा जणांच्या पुढे होते, पण स्वतःला बासष्ट जणांच्या पुढे समजत होते. सर्वांत वरच्या चौथाईतल्यांनी स्वतःला प्रत्यक्षापेक्षा थोडे खालीच धरले. म्हणजे अज्ञानी माणसाला ज्ञानी माणसापेक्षा जास्त आत्मविश्वास असतो असे त्यात निघालेच नव्हते, अंदाज आणि वस्तुस्थिती यांतले अंतर खालच्या गटात मोठे होते एवढेच. या अंतराचा काही भाग आकडेमोडीच्या पद्धतीतूनच निर्माण होतो, असा आक्षेपही पुढे अभ्यासकांनी घेतला आहे.

मला त्या आलेखाची भीती वेगळ्या कारणाने वाटते. तो पाहणारा प्रत्येक जण डोंगरावर शेजाऱ्याला बसवतो. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हणही आपण दुसऱ्यासाठीच वापरतो. मुलांना त्याऐवजी घटक चाचणीत प्रत्येक उत्तराच्या समासात ‘नक्की’ किंवा ‘अंदाज’ लिहायला सांगा आणि गुण देताना ‘नक्की’ लिहिलेल्यांपैकी किती बरोबर आले ते वेगळे मोजा. मी शाळेत असताना हे काही वर्षे केले होते. ‘नक्की’ लिहून चुकलेले गणित मुले फार लक्षपूर्वक पुन्हा सोडवतात.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यातील एका धानपट्ट्यातल्या गावात आशा सेविका आहे. साप चावला की लोक आधी मांत्रिकाकडे नेतात. तो म्हणतो, ‘मी विष उतरवतो.’ प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर म्हणतात, ‘आत्ताच सांगता येत नाही, थांबावे लागेल.’ मग लोक मलाच विचारतात, ‘ताई, डॉक्टरलेच माहीत नाही तर तिथे नेऊन काय करायचं?’ मी निरुत्तर होते.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात जो अडथळा आहे तो वरच्या दोन्ही पत्रांपेक्षा गंभीर आहे, कारण इथे चुकीची दुरुस्ती पुढच्या हंगामात करता येत नाही.

मांत्रिक खोटे बोलतो असे धरून चालू नका, त्याचा अनुभवच त्याला तसे सांगतो. आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. त्यामुळे त्याच्याकडे नेलेले अनेक जण मंत्राशिवायही जगलेच असते. ते जगतात, नारळ वाहतात, त्याचे नाव होते. जे दगावतात त्यांचे आयुष्य संपले होते असे म्हणून घरचे गप्प बसतात. त्याच्या खात्यात फक्त जमेची बाजू लिहिली जाते.

डॉक्टर थांबतात ते काय करत असतात, हे लोकांना डोळ्यांसमोर उभे करून सांगा. ते रोग्याचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतात आणि ती नळी वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवतात. वीस मिनिटांनी नळी हळूच तिरपी करतात. रक्त गोठून जागेवर राहिले तर ठीक, पाण्यासारखे वाहिले तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचे विष रक्तात गेले आहे. नाग आणि मण्यार यांचे विष नसांवर काम करते, ते या नळीत दिसत नाही, म्हणून पापण्या जड होतात काय, गिळता येते काय, श्वास कसा चालला आहे, हे तासन् तास पाहावे लागते. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, आणि काही तासांनी डोळे मिटू लागतात. सापाच्या विषावरची लस लगेच का देत नाहीत, असेही लोक विचारतील. त्या लसीचीच काहींना जोरदार बाधा होते, म्हणून विष चढल्याची खूण दिसल्यावरच ती देतात, आणि बाधा झाली तर सावरण्याचे साधनही तिथेच असते. डॉक्टरांचे ‘आत्ताच सांगता येत नाही’ हे असे पहाऱ्यावर बसलेल्या माणसाचे वाक्य आहे.

आणि विष आहे की नाही याची शंका असली तरी काय करायचे याबद्दल कसलीही शंका नाही, हे तुम्ही आवाज न कापता सांगायला हवे. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि निघायचे. ‘साप विषारी होता काय ते मला माहीत नाही, मांत्रिकालाही माहीत नाही, म्हणूनच जिथे ते कळते आणि कळल्यावर औषध आहे तिथे आत्ता न्यायचे आहे,’ एवढे वाक्य पाठ करून ठेवा.

रोग्याच्या खाटेपाशी मांत्रिकाशी वाद घालण्यात वेळ जातो आणि तिथे त्याचा शब्द खाली पडू देणे त्याला शक्य नसते. त्यापेक्षा रोवणी सुरू होण्यापूर्वी, जूनच्या सुरुवातीला, मांत्रिकांच्या घरी जा, चहा घ्या, आणि त्यांनाच एकदा आरोग्य केंद्रात घेऊन जाऊन डॉक्टरांकडून ती काचेची नळी दाखवा. मंत्र म्हणायचाच असेल तर गाडी येईपर्यंत किंवा गाडीत बसून म्हणा, पण माणसाला आधी गाडीत बसवा, एवढेच त्यांच्याकडून कबूल करून घ्या.